रातीचं पाणी कोणत्या तारखेचं

माझे वडील माझ्या हाताखाली नोकरीला होते. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझा चेहरा बघून थांबतात. अहो, खरंच होते. घरातून निघताना मी त्यांची ‘कारटी’, टेम्पोत ‘बेटा’, आणि ऑफिसचं दार ओलांडलं की ‘मॅडमजी’. मी चिडायचे. "बाबा, पुरे करा हं तुमचं मॅडमजी!" तर म्हणायचे, "ड्यूटीवर बाप नाही, बेटी नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी." आणि वर सगळ्यांसमोर टेबलापाशी उभं राहून कागदावर माझी सही मागायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि ते मिशीत हसत असायचे.

त्याआधी ते मिलमध्ये होते, टाइम ऑफिसात. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबा संस्थानच्या कचेरीत, आणि संस्थान गेल्यावर बाबा मिलमध्ये, अशी आमची उतरती भाजणी. हे त्यांचंच म्हणणं. टाइम ऑफिस म्हणजे तीन पाळ्यांची हजेरी. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलं आणि मधूनच सटकलं. बाबांनी कधी माग चालवला नाही, पण मिलमधल्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक तास त्यांच्या डोळ्याखालून जायचा, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

या हजेरीचा एक कायदा होता. रातपाळी कुठल्या तारखेची? पाळी रात्री सुरू होते, सकाळी सुटते, मध्ये बारा वाजतात आणि कॅलेंडर बदलतं. पण मिलमध्ये कॅलेंडरला विचारतो कोण! पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची. सोमवारी रात्री आत गेलेला माणूस मंगळवारी सकाळी बाहेर आला, तरी त्याची हजेरी सोमवारची. "रात बीते दिन की," बाबा म्हणायचे, आणि आरती म्हणावी तसं म्हणायचे.

हा कायदा घरीही लागू होता. माझा जन्म मध्यरात्र उलटून गेल्यावरचा. दवाखान्याच्या कागदावर एक तारीख, बाबांच्या हिशेबात आदली. त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणी शुभेच्छा द्यायच्या तेव्हा आमच्याकडची जलेबी कालच संपलेली असायची. आई वैतागायची, "अहो, पोरीचा वाढदिवस तरी कॅलेंडरने करा." बाबा शांतपणे म्हणायचे, "ती रातपाळीत आली. माझ्याकडे तिची हजेरी आदल्या दिवसाची आहे." आई म्हणायची, "कप्पाळ माझं!"

मग मिल बंद पडली. इंदूरमधल्या मिली एकेक करून खाटेला खिळतच होत्या, त्यामुळे धक्का बसायला नको होता. पण बसला. शेवटच्या रात्रीसुद्धा बाबांनी रातपाळीची हजेरी घेतली. सकाळी भोंगा वाजला नाही. रातपाळीच्या लोकांना छोट्या दारातून बाहेर काढलं, मोठ्या फाटकाला कुलूप घातलं आणि शेजारी नोटीस चिकटवली. बाबा घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "रात लिहिली मी. पुढचा दिवस लिहूच दिला नाही." एवढंच. आईने चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून रडली.

त्या दिवसांत टीव्हीवर सारखं सांगायचे की देशाची दारं उघडली. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "आमच्या मिलचं तेवढं विसरले वाटतं." पण काहीतरी उघडलं होतं खरं. परदेशीपुऱ्यात, जिथे पाळी सुटली की सायकलींची झुंबड उडायची, तिथे आता दर दोन दुकानांआड कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. मी बी.एस्सी. झाले होते. असाच एक कोर्स केला आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पाण्याच्या विभागात मला प्रोजेक्टवर काम मिळालं. कायमचं नव्हे, प्रोजेक्ट चालेल तोवर.

बाबा तेव्हा ओट्यावर बसलेले असायचे. मिलचे बाकीचे लोकही आपापल्या ओट्यांवर. कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी चौकीदार झाला, कुणी नुसताच बसला. बाबा पन्नाशी ओलांडलेले; त्यांना कोण नोकरी देणार? एकदा मी डबा विसरले म्हणून ते तो घेऊन कॉलेजात आले. माझ्या स्क्रीनवर आकड्यांच्या रांगा होत्या. बाबा डबा हातात धरून कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे कायका हिसाब आहे, बेटा?"

"पावसाचा."

"पावसाची हजेरी?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.

त्यानंतर काय झालं ते सांगताना आजही माझी छाती फुगते. बाबांनी क्लास लावला! क्लासमधली सगळी मुलं त्यांना ‘अंकल’ म्हणायची, शिकवणारा त्यांच्या निम्म्या वयाचा. बाबा मिलच्या दिवसांतला खाकी कोट घालून, पहिल्या बाकावर, कुणी झोपेल तर खबरदार अशा चेहऱ्याने बसायचे. इंग्रजी यथातथाच, पण प्रोग्राममध्ये इंग्रजी लागतं कितीसं? ‘जर’ आणि ‘नाहीतर’ एवढ्या दोन शब्दांवर तर सगळं चालतं, आणि ‘जर वेळेवर आला तर हजर, नाहीतर गैरहजर’ हे ते जन्मभर करत आले होते. गल्लीतले लोक चेष्टा करायचे. "काय भिया, बुढापे में कम्प्यूटर?" बाबा म्हणायचे, "हां भिया. मोतियाबिंद यायच्या आधी जेवढं बघून होईल तेवढं."

आमच्या प्रोजेक्टवरचा एक ऑपरेटर पुण्याच्या कंपनीत पळाला. त्या वर्षांत सगळेच पळत होते. सरांना घाई होती, पैसे थोडे होते आणि माणूस मिळत नव्हता. सर म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख, उज्जैनकडचे, घरी माळवी बोलणारे, विद्वान आणि विसरभोळे. मी भीत भीत बाबांचं नाव काढलं. सरांनी त्यांना बोलावलं, एक प्रोग्राम लिहायला दिला आणि ते चहा पिऊन येईपर्यंत बाबांनी तो चालवून दाखवलेला होता. "कल से आ जाइए," सर म्हणाले. घरी आल्यावर बाबांनी खाकी कोट स्वतः इस्त्री केला. मिल बंद झाल्यापासून ती इस्त्री कुणी हातात धरली नव्हती.

आता काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. परदेशातल्या एका केंद्राकडून सीड्या यायच्या. त्यांनी उपग्रहातून बघून सगळ्या पृथ्वीवर चौकटी आखल्या होत्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या, आणि प्रत्येक चौकटीत किती पाऊस पडला त्याचा एकेक आकडा. तोही दिवसाचा एक नव्हे. दर तीन तासांचा एक तुकडा, असे दिवसाचे आठ तुकडे, आणि वेळ ग्रीनविचची. आम्ही हे तुकडे जोडून आधी दिवसाचा पाऊस काढायचा, मग महिन्याचा, मग पावसाळ्याचा. बेरीज हो, दुसरं काही नाही. मग ती बेरीज जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघायची. दोन्ही जुळले तर जिथे मापकच नाही, अशा सगळ्या खेड्यापाड्यांच्या पावसाचा अंदाज घरबसल्या घेता येणार होता. हेच सरांचं स्वप्न होतं.

बाबांना या चौकटींची फार मौज वाटायची. सिमरोल गाव एका चौकटीत, मानपूर दुसरीत, आणि खजराना गणपतीचं देऊळ, आमचं घर आणि मिलची चिमणी मिळून एकीत. "म्हणजे गणपतीवर पडतो तेवढाच मिलवर?" ते म्हणायचे. "असं कसं? राजवाड्यावर धो धो पडतो तेव्हा आपल्याकडे आई पापड वाळत घालते." मी म्हणायचे, "सरासरी असते ती." ते म्हणायचे, "सरासरी म्हणजे कुणाचाच नाही असा पाऊस." आणि कामाला लागायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एका बेरजेत पाऊस उणे आला. मी डोक्याला हात लावला. बाबा गंभीरपणे म्हणाले, "मॅडमजी, या महिन्यात पाणी जमिनीतून वर गेलं." मग माझ्या लक्षात आलं. जिथे माहिती नाही तिथे फाइलमध्ये उणे नऊशे नव्याण्णव लिहिलेलं असतं, ही खूण आहे, पाऊस नाही, हे सांगायचं मी विसरले होते. सांगितल्याबरोबर ते हसले. "गैरहजर! अरे, गैरहजर माणसाला हजेरीत कोण धरतो?" त्या दिवसापासून त्यांच्या प्रोग्राममध्ये त्या खुणेला ‘गैरहजर’ असंच नाव होतं, रोमन अक्षरांत लिहिलेलं. पुढे आलेली पोरं ते वाचून बुचकळ्यात पडायची.

आणि मग ते वाक्य. सर घाईत होते, दारातून बाहेर पडत होते. बाबांनी विचारलं, "साहब, दिन कहाँ से कहाँ तक पकड़ूँ?" कारण तुकडे जोडायचे तर दिवस कुठे तोडायचा ते कळायला हवं. सर म्हणाले, "सुबह साढ़े आठ से साढ़े आठ. रात का पानी कल में डालना." बाबा म्हणाले, "जी साहब." मी तिथेच होते. मीही मान हलवली. माळव्यात पावसाला पाणीच म्हणतात, पाणी पडलं, पाणी आलं, त्यामुळे त्यातलं काही खटकण्यासारखं नव्हतं.

बाबांनी जीव ओतून काम केलं. सगळे तुकडे, सगळ्या चौकटी, कित्येक पावसाळे. त्यांची प्रत्येक बेरीज मी उलटसुलट तपासायचे आणि ती प्रत्येक वेळी बरोबर निघायची. "बेरीज चुकली तर मिशी उतरवीन," ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "चुकूच दे एकदा."

मग आम्ही पर्जन्यमापकाशी ताडून बघितलं, आणि हाय रे देवा! महिन्याची बेरीज छान जुळत होती. पावसाळ्याची तर त्याहून छान. पण रोजचा पाऊस? रोजच्यात ताळमेळच नाही. मापक म्हणतो आज पडला, तर बाबांच्या बेरजेत आज कोरडा. आज कुणी म्हणेल, एक आलेख काढून दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या असत्या तर पोराटोरांनाही कळलं असतं. काढला असता हो! पण एकच कॉम्प्युटर, किरकिरणारा प्रिंटर, आणि सरांना हवा होता मेळाचा एकच आकडा, तो आम्ही दिला. तो इतका वाईट होता की सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यानी ये डेटा किसी काम का नहीं," सर म्हणाले. पुढच्या आठवड्यात कमेटी येणार होती. प्रोजेक्ट पुढे चालवायचा की इथेच थांबवायचा, हे तीच ठरवणार होती. पूर कुठे येईल हे रोजच्या पावसावरून ठरतं. रोजचाच जुळत नसेल तर महिन्याच्या बेरजेला काय चाटायचंय? कमेटी दुकान बंद करणार, हे उघड होतं.

मला दुसरीकडे काम मिळालं असतं. क्लासवाले तर शिकवायला या म्हणून रोज विचारत होते. पण बाबा? एकदा फाटकाला कुलूप बघून आलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा ते बघायला लावायचं? कोट पुन्हा खुंटीला जाणार आणि बाबा पुन्हा ओट्यावर जाणार, हे माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. टेम्पोतून घरी येताना मी परदेशी केंद्राला, उपग्रहाला आणि कमेटीला यथेच्छ शिव्या घातल्या. आईला मात्र आम्ही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मापकाचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते. अचानक त्यांनी टेबलावर थाप मारली.

"मॅडमजी, हा मापकवाला खोटारडा आहे!"

"बाबा, हळू."

"हळू काय? इकडे बघ." मॅडमजी गेली, बघ आली, म्हणजे बाबा खरंच तापले होते. त्यांचं बोट अनंत चतुर्दशीच्या तारखेवर होतं. समोर शून्य. "मिल बंद पडल्यानंतरची पहिली झांकी. या रात्री पाणी पडलं की नाही? तू होतीस ना माझ्याबरोबर?"

होते की. विसरेन कशी? इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर देखावे, दिवे, ढोल, आखाडे, रात्रभर. मिल बंद पडली होती तरी त्या वर्षी कामगारांनी झांकी काढलीच. "मिल मालिक की थी, झांकी हमारी है," असं म्हणून काढली. आणि पहाटे, अंधार असतानाच, आकाश फाटलं. रंगवलेले पुठ्ठे भिजून लोंबले, विजेची माळ विझली, आणि बाबांच्यासकट सगळे जण उघड्यावर भिजत गाडी ढकलत होते. एकही माणूस घरी गेला नाही. मला त्या लोकांचा त्या पहाटे इतका अभिमान वाटला होता की बस्स.

"पडलं," मी म्हणाले. "चांगलंच पडलं."

"मग इथे शून्य? आणि हे बघ, दुसऱ्या दिवशी एवढा मोठा आकडा. दुसऱ्या दिवशी कडक ऊन होतं! आम्ही झांकीचे पडदे रस्त्यावर वाळत घातले होते. माझ्या बेरजेत बघ. चतुर्दशीलाच आहे पाऊस, बरोब्बर. उपग्रह खरा, मी खरा, हा माणूस खोटा."

मी हसणार होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर आलंही होतं. पण मग मी तो कागद नीट बघितला. "बाबा, मापकवाला पाणी मोजतो कधी?"

"सकाळी साडेआठला. सरांनीच सांगितलं ना."

"सकाळी साडेआठला तो आदल्या सकाळपासूनचं सगळं पाणी मोजतो. आणि कुठल्या तारखेपुढे लिहितो?"

बाबा अगदी हळू म्हणाले, "ज्या सकाळी मोजलं, त्या."

"म्हणजे रातचं पाणी..."

"पुढच्या दिवसात." त्यांनी चष्मा वर सरकवला. "रात का पानी कल में डालना. येणाऱ्या कलमध्ये!" आणि डोळे मिटून घेतले. "मी बीत्या कलमध्ये टाकलं, बेटा. सगळ्या वर्षांचं."

हिंदीत काल आणि उद्या दोन्हींना ‘कल’ म्हणतात, हे आम्ही इंदूरकर मराठी जन्मापासून जाणतो, दिवसातून शंभरदा तो शब्द वापरतो आणि कधी अडखळत नाही. सरांना म्हणायचं होतं उद्या. पण जन्मभर ज्याच्या कानात ‘रात बीते दिन की’ वाजत होतं, त्याने रात्र आणि कल एकत्र ऐकले की दुसरं काय ऐकणार? बेरीज एकही चुकली नव्हती. सगळा पाऊस एक दिवस अलीकडे आला होता आणि मापकाचा वरातीमागून घोड्यासारखा चालला होता. महिन्याच्या बेरजेला काय, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही. रोजच्या पावसाचं मात्र वाटोळं.

मला तर नाचावंसं वाटलं. "बाबा, सुटलो! आत्ता दुरुस्त करून टाकू. सरांना सांगू, प्रोग्राममध्ये बारीकशी गडबड होती. कुणाची, कशाला सांगायचं?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पाचवीत गेले. "हजेरीत चूक झाली तर त्यावर रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं आणि खाली आपली सही करायची. गुपचूप खोडणारा चोर असतो."

"आणि त्यांनी काढून टाकलं तर? मिलचा माणूस, म्हातारा, त्याला काय कळतंय, असं म्हणाले तर?"

"तर काढू दे. मिलने मी काही न करता काढलं. इथे निदान काहीतरी करून निघेन." आणि कोटाची बटणं लावून सरांच्या खोलीकडे चालू लागले. मी मागे मागे.

सर कमेटीचे कागद लावत होते. बाबा टेबलापुढे उभे राहिले. "साहब, डेटा सही है. मापक भी सही है. गलत मैं हूँ."

सरांनी वर बघितलं. बाबांनी सगळं सांगितलं, झांकीपासून. सर ऐकत राहिले आणि मध्येच म्हणाले, "पर मैंने तो कहा था, कल में डालना."

"कहा था साहब. कल में ही डाला."

"कौन से कल में?"

"बीते वाले." मग थोडं थांबून, "मिल वाले."

सरांचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं, संपलं. पण ते हसू होतं. इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाले आणि उठून उभे राहिले. बाबांसमोर ते पहिल्यांदाच असे उभे राहिलेले मी बघितले. "गलती आधी मेरी है," ते म्हणाले. "तारीख बोलनी थी, मैं कल बोल गया." त्यांनी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यहाँ कल बोलना मना है, तारीख बोलिए’, आणि तो भिंतीवर लावायला माझ्या हातात दिला. तो कागद मी तिथून जाईपर्यंत तिथेच होता.

प्रोग्राम बाबांनीच दुरुस्त केला. आधी त्यांनी पहाटेच्या तुकड्यांना ‘तारीख वजा एक’ लावलं होतं. ते काढलं आणि सकाळी साडेआठनंतरच्या तुकड्यांना ‘तारीख अधिक एक’ लावलं. दोन ओळींचं काम. पण अधिक एक लिहून ते तसेच बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पावसाचं बरं आहे. त्याच्या रात्रीला पुढचा दिवस मिळतो." फाटकावरचं कुलूप, ती नोटीस, चुलीकडे तोंड करून रडणारी आई, सगळं एकदम आठवलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऑफिसमध्ये, ड्यूटीवर.

मग त्यांनी प्रोग्राम चालवला आणि मेळाचा आकडा आला. मी किंचाळले. शेजारच्या खोलीतून लोक धावत आले.

कमेटी आली तेव्हा सरांनी निकाल दाखवला आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "दिन के जोड़ का काम इन्होंने किया है, यही समझाएँगे." बाबा उठले. समोर मोठमोठे लोक, इंग्रजी बोलणारे. बाबांनी त्यांना हिंदीत सांगितलं, की दिवस कुठून कुठपर्यंत धरला, रात्र कुठे गेली, आणि आपण आधी ती कुठे टाकली होती. चूक लपवली नाही, तिचं भांडवलही केलं नाही. कुणीतरी हसत विचारलं, "तो आप मिल में थे?" बाबा म्हणाले, "जी साहब. वहाँ हर रात पीछे जाती थी. अब आगे डाल रहा हूँ." हसणारा माणूस हसायचा थांबला आणि त्याने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, हे माझे बाबा आहेत, बाबा!

संध्याकाळपर्यंत कळलं. प्रोजेक्ट चालू राहणार होता. अजून कितीतरी पावसाळ्यांच्या सीड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या बेरजा बाबांनीच करायच्या होत्या. सर म्हणाले, "तो फिर क..." आणि भिंतीकडे बघून जीभ चावली. "तो फिर सुबह मिलते हैं."

घरी आलो तर आई दारातच. आम्ही काही बोललो नव्हतो तरी आठवडाभर आमचे चेहरे बघून तिला अंदाज आला होता, माझी आई ती. बाबांनी कोट काढला, खुंटीकडे गेले, मग विचार बदलला आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला, हाताशी.

"अहो," आई म्हणाली, "काय झालं ते सांगाल की नाही?"

"कलचाही माझा डबा भर," बाबा म्हणाले.

आईला कमेटी, मापक, भिंतीवरचा कागद, काहीच ठाऊक नव्हतं. पण आठवडाभर जीव मुठीत धरून बसलेली बाई ती. तिला नीट ऐकायचं होतं. पदर खोचत तिने विचारलं, "कुठला कल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मिशीत हसले.

"पुढचा गं," ते म्हणाले. "पुढचा."